आमची वाटचाल: कार्डाच्या आतलं पान

आम्ही हाताने शुभेच्छाकार्डं करून विकतो. आमच्याकडे आलेली पहिली तक्रार मला अजून शब्दशः आठवते. एका बाईंनी मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी कार्ड नेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ते परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कार्ड फार सुंदर आहे हो, पण यात लिहायचं कुठे?"

मी कार्ड उघडून बघितलं. समोर क्विलिंगची, म्हणजे गुंडाळलेल्या कागदी पट्ट्यांची फुलं, आत डाव्या पानावर वेलबुट्टी, उजव्या पानावर सोनेरी अक्षरांत छापून घेतलेल्या चार ओळी आणि खाली रिबनची गाठ. सहीपुरतीसुद्धा जागा मोकळी नव्हती. त्यांना आपल्या मैत्रिणीला काहीतरी सांगायचं होतं आणि त्यांच्या आधी आम्हीच सगळं बोलून बसलो होतो.

याला आता ११ वर्षं झाली. अजूनही नवीन मुलगी कामाला आली की तिला आम्ही आधी कार्ड उघडून आतलं पान दाखवतो, पुढची बाजू नंतर.

सुरुवात मी आणि माझी नणंद, आम्ही दोघींनी केली. तिचा हात क्विलिंगवर बसलेला, माझा कापण्यावर आणि घडीवर. आधी नात्यातल्या लोकांना करून दिली, मग त्यांच्या ओळखीतून मागणी यायला लागली. तेव्हा आमच्याकडे होती एक धारदार कटर, लोखंडी पट्टी, कटिंग मॅट, पांढरा डिंक आणि ३ मिलिमीटर रुंदीच्या रंगीत पट्ट्यांची पाकिटं. टोकाला चीर असलेल्या सुईवर पट्टी गुंडाळायची, सैल सोडायची, चिमटीत दाबून पाकळी करायची. नणंद हे बोलता बोलता करायची. आम्हाला वाटायचं, धंद्यासाठी एवढं पुरे. कागद समजून घ्यावा लागतो हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं.

ते कळलं पहिल्या मोठ्या ऑर्डरीत. एका कार्यालयाला नववर्षासाठी २०० कार्डं हवी होती, गडद निळी, वर चंदेरी तारे. जाड निळे कार्डशीट आणले आणि कागद वाया जाऊ नये म्हणून मोठ्या तावातून जास्तीत जास्त तुकडे निघतील असे आडवे-उभे कापले. घड्या घातल्या तेव्हा साधारण निम्म्या कार्डांची घडी फुटली. निळ्या रंगाच्या मधोमध पांढरी, दोरे सुटल्यासारखी खरबरीत रेघ. उरलेली निम्मी मात्र स्वच्छ. कागद तोच, हात तोच, मग असं का, म्हणून आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत तुकडे समोरासमोर ठेवून बघत बसलो.

कारण साधं होतं. यंत्रावर कागद बनतो तेव्हा त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने पडतात. या दिशेला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनच्या बाजूने घातली तर ती गुळगुळीत बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि घडी फुटते. त्यात आमचा कागद वरूनच रंगवलेला, आतून पांढरा, त्यामुळे प्रत्येक भेग लांबूनही दिसत होती. आम्ही ती १०० च्या आसपास कार्डं बाजूला काढली, नवीन कागद आणला आणि पुन्हा कापली. त्या ऑर्डरीत हातात काही उरलं नाही, पण माल वेळेवर आणि नीट गेला. त्याच कार्यालयाने पुढची ४ वर्षं आमच्याकडूनच कार्डं घेतली.

तेव्हापासून नवीन ताव आला की आधी तो दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघायचा. ज्या बाजूने सहज वाकतो ती ग्रेनची दिशा. शंका असेल तर छोटा तुकडा एका बाजूने ओला करायचा. तो नळीसारखा वळतो, आणि नळीची लांबी ज्या दिशेला तीच ग्रेन. तावाच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढल्याशिवाय आमच्याकडे कटर हातात घेत नाहीत. कार्डाच्या मूळ घडीला २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद, आतून पूर्ण रंगलेला. घडी घालण्याआधी बोथट टोकाने रेघ दाबून घ्यायची, मग बोन फोल्डरने, म्हणजे घडी दाबायच्या चपट्या गुळगुळीत पट्टीने, घडी बसवायची. नखाने घासलेली घडी चमकते आणि ती चमक मग जात नाही.

मापांचंही असंच. पहिली दोन वर्षं आम्ही डोळ्याला बरं दिसेल त्या मापाची कार्डं केली आणि प्रत्येकाला पाकीट हाताने बनवत बसलो. आता आधी पाकीट ठरतं. ए-४ कागद मधोमध कापला की दोन ए-५ तुकडे निघतात. त्या तुकड्याची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं, म्हणजे ए-६ मापाचं कार्ड होतं आणि ते ११४ बाय १६२ च्या सी-६ पाकिटात नीट बसतं. कागद वाया जात नाही, पाकीट तयार मिळतं. फक्त उठावाचं काम असेल तर पाकिटात ते चेपतं, म्हणून फुलं ३ मिलिमीटरच्या पट्टीतच करायची आणि फार उंच असतील तर कार्ड खोक्यातून द्यायचं.

पॉप-अप कार्डांनी आम्हाला गणित शिकवलं. घडीवर दोन काप देऊन पायरी पुढे ओढायची आणि त्या पायरीवर चित्र चिकटवायचं, एवढंच त्याचं तंत्र. पण पायरी जितकी पुढे येते ती लांबी आणि चित्राची उंची, यांची बेरीज कार्डाच्या एका पानाच्या उंचीपेक्षा कमी असावी लागते. नाहीतर कार्ड मिटलं की चित्राचं टोक बाहेर डोकावतं. घराचं चित्र असलेली पहिली ३० कार्डं आम्ही अशी केली होती की प्रत्येकाचं छप्पर बाहेर. ती सगळी मोडून पुन्हा केली.

किमतीचा प्रश्न फार उशिरा सुटला. आम्ही कागद, डिंक, पट्ट्या, पाकीट यांचा हिशेब करायचो आणि वर थोडं काहीतरी ठेवायचो. वेळ धरायचोच नाही. घरी बसून केलेल्या कामाचा वेळ फुकटचा असतो असं आम्हीही नकळत मानत होतो. मग नणंदेने एक वही केली आणि प्रत्येक नमुन्यापुढे मिनिटं लिहायला लागली: कापणे, घडी, क्विलिंग, चिकटवणे, सुकवणे, पॅकिंग. सगळ्यात खपणारं आमचं गुलाबाचं कार्ड ५५ मिनिटांचं निघालं आणि साध्या ठशाचं ९ मिनिटांचं. दोघांच्या किमतीत फरक मात्र नावापुरता होता. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक जाईल या भीतीने त्या महिन्यात झोप उडाली होती. काही जण गेलेही. पण जे राहिले ते आजही आहेत, आणि त्या वहीमुळेच आम्हाला दोन बायका कामाला ठेवता आल्या.

चौघी झाल्यावर काम वाटून घेतलं. एक कापते, एक घडी घालते, एक फुलं करते, एक जोडते. याच सुमारास एस्थर हाउलंडबद्दल वाचायला मिळालं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात १८४० च्या दशकाच्या अखेरीस या तरुण मुलीने इंग्लंडहून आलेलं कागदी लेसचं व्हॅलेंटाइन कार्ड पाहिलं आणि तसं आपल्यालाही जमेल असं ठरवलं. घरातच मैत्रिणींना टेबलाभोवती बसवून तिने काम सुरू केलं, प्रत्येकीकडे एकेक टप्पा. पुढे १८८१ मध्ये तिने तो धंदा विकला, तोवर तो चांगला मोठा झाला होता. आमच्या टेबलाशी तिचं टेबल इतकं जुळलं की मला फार धीर आला.

तसाच धीर १८४३ च्या कार्डाने दिला. लंडनच्या हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून काढून घेतलेलं आणि छापून विक्रीला ठेवलेलं ते पहिलं नाताळचं कार्ड मानतात. त्याच्या सुमारे १००० प्रती काढल्या आणि रंग हाताने भरले. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र पोचवणारी टपालसेवा सुरू झाली होती, पत्रांचे ढीग वाढले होते, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्याऐवजी कोल यांनी ही युक्ती काढली. मी त्याचं चित्र बघितलं तेव्हा माझी नजर मधल्या मेजवानीवर नाही, वर आणि खाली सोडलेल्या जागांवर गेली. वर ज्याला पाठवायचं त्याचं नाव, खाली पाठवणाऱ्याचं. वेळ वाचवण्यासाठी केलेल्या छापील कार्डातसुद्धा हाताने लिहायची जागा ठेवली होती.

आतल्या पानाचा आमचा खरा विचार एका काकांमुळे झाला. लग्नाला ५० वर्षं होत होती, पत्नीसाठी कार्ड हवं होतं. सगळे नमुने बघून झाल्यावर म्हणाले, "ताई, हात कापतो माझा. ओळ वर-खाली जाते. रेघा मारून द्याल का?" मी पेन्सिलीने फिक्या रेघा मारायला घेतल्या, तर नणंद म्हणाली, "वहिनी, पुसताना शाई फरपटेल. आणि त्यांच्याकडून एखादा शब्द चुकला तर? पूर्ण कार्ड वाया."

त्या दिवशी दुपारभर आम्ही त्यावरच बसलो. मूळ कार्डाचा कागद जाड, त्यातून खालचं काही दिसत नाही. म्हणून आत १०० जीएसएमचं वेगळं पान घातलं, कार्डापेक्षा चारही बाजूंनी ३ मिलिमीटर लहान, आणि घडीलगत फक्त एका रेघेवर चिकटवलं. बाकी पान सुटं. मग काळ्या ठळक रेघांचा एक कागद करून त्या पानाखाली सरकवला. रेघा वर स्पष्ट उमटल्या. लिहून झालं की खालचा कागद ओढून काढायचा, रेघा गेल्या, अक्षरं सरळ राहिली. सोबत तसंच एक जास्तीचं पान दिलं, चुकलं तर बदलायला. काकांसाठी रेघांमध्ये मोठं अंतर ठेवलं होतं. आज आमच्या प्रत्येक कार्डात हा रेघांचा कागद आणि एक जास्तीचं पान असतं. गिऱ्हाईक परत येतं ते फुलांसाठी कमी आणि या पानासाठी जास्त, असा माझा अनुभव आहे.

हे पान कोणत्या कागदाचं असावं यावरही बरीच खटपट झाली. हातकागद दिसायला देखणा, कडा फाटीव, म्हणून तोच आत घालून बघितला. पण कागदाला पुरेसं साइझिंग, म्हणजे शाई शोषली जाऊ नये म्हणून दिलेला खळीचा किंवा जिलेटिनचा हात नसेल, तर शाईच्या पेनाने लिहिलेलं फुटतं. एका मुलीने वडिलांसाठी लिहिलेलं अख्खं पान असं पसरलं. तिचा आवाज फोनवर रडवेला झाला होता. आम्ही त्याच दिवशी दुसरं पान पाठवलं, पण तेच शब्द तिला पुन्हा लिहावे लागले, याचं वाईट आजही वाटतं. आता प्रत्येक नव्या गठ्ठ्यातल्या एका पानावर शाईचं पेन, बॉलपेन आणि जेल पेन, तिन्ही चालवून बघतो. आणि कागद आम्लरहितच, म्हणजे लवकर पिवळा न पडणारा घेतो, कारण लोक कार्डं वर्षानुवर्षं जपतात.

सगळ्यात अवघड काम सांत्वनाच्या कार्डाचं. पहिलं मागितलं तेव्हा आम्ही आठवडाभर काही ठरवू शकलो नाही. रंग नको, फुलांची गर्दी नको, आणि छापील ओळ तर अजिबात नको. शेवटी टिपकागदात दाबून ३ आठवडे वजनाखाली सुकवलेलं एकच पान, पांढऱ्या कागदावर, थोडं डावीकडे. आत पूर्ण कोरं. या कार्डासोबत आम्ही जास्तीची पानं दोन देतो, कारण अशा वेळी माणूस एका झटक्यात लिहू शकत नाही. ते घ्यायला आलेल्यांशी दुकानदारासारखं बोलू नये, बसायला खुर्ची द्यावी, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या महिन्यात एक बाई जुनं कार्ड घेऊन आल्या. नमुना आमचाच, ९ वर्षांपूर्वीचा, आतलं पान नव्याने घालायला लागलो होतो तेव्हाचा. वरची दोन फुलं निखळून पडली होती, एका पाकळीचा रंग उडाला होता. त्यांच्या आईने त्यांना दिलेलं होतं ते. आई आता नाही. "वरची फुलं तेवढी नीट करून द्या, आतलं उघडू नका," एवढंच म्हणाल्या. आम्ही पाणी कमी असलेला डिंक सुईच्या टोकावर घेतला, कार्ड मिटलेलंच ठेवून खाली टिपकागद घातला आणि फुलं बसवली. गुलाबी पट्टीची जुनी छटा बाजारात मिळत नव्हती. नणंदेच्या डब्यात तळाशी त्या वेळची अर्धी पट्टी सापडली, त्यातून एक पाकळी निघाली.

त्यानंतर आम्ही प्रत्येक नमुन्याच्या रंगातल्या चार पट्ट्या वेगळ्या पाकिटात, वर कार्डाचं नाव आणि वर्ष लिहून, अंधाऱ्या कपाटात ठेवायला लागलो आहोत. आतापर्यंत ६२ पाकिटं झाली.