उजनीच्या भीमामाई, गोंधळा ये

दरवर्षी २२ मार्चला, जागतिक जलदिनी, सोलापुरात शाळेच्या मैदानावर आमच्या मंडळाचा लोकसंगीताचा कार्यक्रम होतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय हे सगळीकडे असतं तसंच. सत्काराला हार-तुरे नाहीत, कडुनिंबाचं रोप द्यायचं, हा आमचा जुना नियम. त्यातली निम्मी रोपं पाहुणे खुर्चीखालीच विसरतात. शिपाईमामा दुसऱ्या दिवशी ती कुंपणाकडेला लावतात. आज तिथे जी सावली आहे, ती विसराळू पाहुण्यांची!

मुलं नान्नजच्या अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्यावरचं गाणं म्हणतात, भारुडाला हशा पिकतो. पण माझा जीव असतो गोंधळात. तुळजापूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आपल्याकडे गोंधळ कुणाला नवा नाही. बुवा आधी देवांना बोलावतात, भवानीला, विठोबाला, खंडोबाला. आणि संबळाची लय जराही न मोडता पाण्याकडे वळतात. ‘उजनीच्या भीमामाई, गोंधळा ये. हिप्परग्याच्या तलावा, गोंधळा ये. सिद्धरामाच्या तळ्या, गोंधळा ये.’ तुणतुणेवाला तो ‘ये’ लांबवर ओढतो. मग बुवा दिवटी उंच धरून आमच्याकडे बघतात. आता बोलवायची पाळी लोकांची.

गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा दरवर्षी उभे राहतात आणि चाळीतल्या आडाला हाक मारतात. तो आड बुजवून कैक वर्षं झाली, वर आता दुकानं आहेत. कुणी शेतातली विहीर सांगतं, कुणी माहेरचा ओढा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक आजी तेलुगूत बोलावतात, बुवा तेही तालात बसवतात. पाणी वाचवा म्हणून तासभर भाषण ठोकणाऱ्यांनी हे एकदा मागे बसून ऐकावं. पण ते सत्कार झाला की निघतात.

गर्दीचं म्हणाल तर बोलायला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणारं आपलं गाव. एका वर्षी नेमकी त्याच संध्याकाळी पाळी आली आणि अर्धं मैदान घागरी भरायला घरी पळालं. त्यांना काय बोलणार? राग आहे तो मागच्या सोसायट्यांवर. ऑर्केस्ट्रा असला की हेच लोक पहिल्या रांगेत असतात.

दहाच्या आत माइक बंद, याबाबतीत आम्ही कडक. पर्यावरणाच्या कार्यक्रमाला ध्वनिप्रदूषणाची तक्रार आली तर तोंड कुठे लपवायचं?

आता आभार. मंडपवाल्या काकांनी आजवर भाडं घेतलेलं नाही. साउंडवाला पोरगा, स्टीलचे पेले स्वतः विसळणाऱ्या बचत गटाच्या ताया, शेंगाचटणी-भाकरी देणाऱ्या मावशी, मुलांचं गाणं बसवणाऱ्या बाई, फलक रंगवणारे सर, खुर्च्या उचलणारी तालमीतली पोरं. वीज गेल्यावर स्कूटरचा दिवा रंगमंचाकडे वळवून धरणारे भाऊजी राहिलेच की! आणि जनरेटरवाले. त्यांना गेल्या वेळच्या आभारात विसरलो होतो, म्हणून यंदा त्यांचं नाव पत्रिकेतच छापायला दिलंय.