कॉप्लीचे निळे कागद

आज जॉन सिंगलटन कॉप्लीची रेखाटनं निवांत पाहिली. बॉस्टनचा हा व्यक्तिचित्रकार १७७४ मध्ये युरोपला गेला. लंडनमधल्या मोठ्या ऐतिहासिक चित्रांसाठी तो निळसर-राखाडी कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने आधी एकेक माणूस रेखाटून बघायचा. मधली छटा कागदच देतो. काळा सावलीला, पांढरा फक्त उजेडाच्या टोकाला, बाहीच्या घडीवर जेमतेम एक फटकारा. दोन्ही खडू एकमेकांत मिसळले की झालाच चिखल! काही रेखाटनांवर चौकटी आखल्यात. एकेक घर त्याच प्रमाणात कॅनव्हासवर मोठं करायचं. मला तर रंगवलेल्या चित्रांपेक्षा हीच जास्त जिवंत वाटतात. स्वतः करून बघणाऱ्यांनो, फिक्सेटिव्ह (खडू कागदावर पक्का करणारा फवारा) बेताने मारा, पांढरा दबतो. आणि कागद उन्हात टांगू नका. निळा उडाला की छटांचा तोलच जातो.