पॅट्रिक ट्राउटनचा माग काढताना

हॅरी पॉटरच्या चित्रपटांतला डडली सगळ्यांना आठवतो. तो साकारणाऱ्या हॅरी मेलिंगचे आजोबा म्हणजे पॅट्रिक ट्राउटन. मला मात्र ट्राउटन आधी दिसला तो ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये (१९६३), आंधळ्या फिनिअसच्या रूपात. पंखवाल्या हार्पी त्याच्या पुढ्यातलं अन्न ओरबाडून नेतात आणि तो हतबल होऊन हात पसरत राहतो. भूमिका छोटीशीच, पण चेहरा मनातून जाईना. पुढे कळलं, ‘द ओमेन’मधला (१९७६) भेदरलेला पाद्रीही तोच. दोन चेहऱ्यांत काही म्हणजे काही साम्य नाही! तेव्हाच ठरवलं, या माणसाचं काम मुळापासून बघायचं.

पण चित्रपट हा त्याच्या कामाचा छोटा भाग. तो खरा टीव्हीचा नट. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८७ मध्ये जाईपर्यंत तो ब्रिटिश टीव्हीवर सतत काम करत होता. अडचण अशी की त्या काळातलं बरंचसं काम आज अस्तित्वातच नाही. पन्नाशीच्या दशकातली नाटकं स्टुडिओतून थेट प्रसारित व्हायची. रविवारचं नाटक पुन्हा दाखवायचं तर नटमंडळी गुरुवारी परत येऊन ते पुन्हा सादर करायची. पुढे व्हिडिओ टेप आली, पण ती महाग होती. शिवाय नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या. मग जुनं पुसून त्याच टेपवर नवं चित्रित व्हायचं. त्यात ट्राउटनला मुलाखतींचा कंटाळा. नटाने भूमिकेमागे लपावं, असं त्याचं मत होतं.

नुसतं नाव टाकून शोधलं की तीच ती यादी दहा ठिकाणी उतरवलेली सापडते. तिच्यावर विसंबू नये. मला आधार मिळाला तो बीबीसीच्या ‘जीनोम’चा. १९२३ ते २००९ या काळातल्या ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकातल्या कार्यक्रमांच्या नोंदी तिथे आहेत. २०१४ मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि आता ‘प्रोग्रॅम इंडेक्स’ या नावाने दिसतात. बीबीसीचे कार्यक्रम ऑनलाइन बघण्याची सेवा, आयप्लेअर, भारतात चालत नाही, पण हे चालतं आणि पैसेही लागत नाहीत. निकाल तारखेप्रमाणे लावून मी जुन्यापासून वाचत गेले. १९४८ मध्ये चेक लेखक कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातला रेडिअस हा यंत्रमानव. १९५३ मध्ये रॉबिन हूड, म्हणजे टीव्हीवरचा पहिलाच रॉबिन हूड! १९६२ मध्ये डिकन्सच्या ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मधला दुष्ट क्विल्प. १९७० मध्ये ‘सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थ’मधला ड्यूक ऑफ नॉरफोक. छापील पानावर नटांची नावं पात्रांसकट दिलेली असतात, त्यामुळे एकेक नोंद वाचताना माणूस घडताना दिसतो.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. हे साप्ताहिक आधी छापलं जायचं, त्यामुळे ऐनवेळी झालेले बदल त्यात नसतात. आणि छापील मजकूर यंत्राने वाचून घेतलेला असल्याने काही नावं फुटलेली असतात. म्हणून नटाच्या नावाबरोबर मालिकेचं आणि पात्राचं नाव टाकूनही शोधावं. नुसतं आडनाव टाकलं तर त्याची मुलं डेव्हिड आणि मायकल मध्ये येतात, तेही नटच.

आयटीव्ही या बीबीसीच्या प्रतिस्पर्धी खासगी वाहिनीवरचं काम इथे अर्थातच नाही. त्यासाठी तिचे कार्यक्रम छापणाऱ्या ‘टीव्ही टाइम्स’ साप्ताहिकाच्या लंडन आवृत्तीची १९५५ ते १९८५ ची सूची उपयोगी पडते. आयटीव्ही प्रदेशवार वेगवेगळ्या कंपन्यांचं होतं आणि एकच मालिका प्रत्येक प्रदेशात वेगळ्या दिवशी लागू शकायची. म्हणून लंडनची तारीख ही फक्त लंडनचीच धरायची.

आता ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका. तिचा नायक, डॉक्टर, अधूनमधून रूप बदलतो आणि मग नवा नट ती भूमिका करतो. १९६६ ते १९६९ ट्राउटन हा दुसरा डॉक्टर होता. त्याचे ११९ भाग झाले, त्यांतले ५३ आजही हरवलेले आहेत. ‘पॉवर ऑफ द डेलेक्स’ ही त्याची पहिलीच गोष्ट, तिचे सहाही भाग नाहीत. आधीच्या डॉक्टरचं ट्राउटनमध्ये रूपांतर होतं तो क्षण फक्त एवढ्यासाठी वाचला की ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता.

पण शोधत गेलं की किती काय उरलंय ते कळतं, आणि हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण त्या काळच्या प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार प्रसारण चालू असताना पडद्याचे फोटो काढून नटांना, दिग्दर्शकांना विकायचे. हे फोटो बीबीसीच्या कागदपत्रांत सापडले आणि बऱ्याच कथांचे फोटो बीबीसीच्या जुन्या साइटवर कथेच्या क्रमाने लावलेले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने भीतीदायक म्हणून कापलेले तुकडे तिथल्या सरकारी संग्रहात जपून ठेवलेले होते. ते १९९६ मध्ये हाती आले. ‘फ्युरी फ्रॉम द डीप’चा एकही पूर्ण भाग नाही, पण कापलेले प्रसंग आहेत. मी आवाज लावायचे आणि शेजारी फोटो उघडायचे. ट्राउटनचा बारीक चिरका सूर, मध्येच पुटपुटणं, मग एकदम धारदार हुकूम. चित्र हलत नाही तरी नट कळतो.

परदेशी केंद्रांना विकण्यासाठी या भागांच्या १६ मिमी फिल्मच्या प्रती काढल्या जायच्या. त्यांतल्या काही परत मिळाल्या. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ १९९२ मध्ये हाँगकाँगहून आली. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून एकदम नऊ भाग मिळाल्याचं जाहीर झालं: ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’चे पाच आणि ‘वेब ऑफ फिअर’चे चार. ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’मध्ये ट्राउटन दुहेरी भूमिकेत आहे, एकीकडे डॉक्टर आणि दुसरीकडे सालामँडर हा मेक्सिकन हुकूमशहा. त्याआधी या सहा भागांतला फक्त तिसरा उपलब्ध होता. बाकीचे पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं: त्याच्या तोडीचे नट ब्रिटिश टीव्हीवर फार थोडे झाले. सालामँडर चालतो वेगळा, बघतो वेगळा, गप्प बसतो तोही वेगळा.

शेवटच्या वर्षांत तो अमेरिकेतल्या चाहत्यांच्या मेळाव्यांना जाऊ लागला आणि तिथे मोकळेपणाने बोलला. तिथली चित्रणं ऑनलाइन मिळतात. आवाज खरखरीत आहे, पण प्रश्नोत्तरं ऐकण्यासारखी आहेत. अशाच एका मेळाव्यासाठी जॉर्जियातल्या कोलंबस शहरी गेलेला असताना २८ मार्च १९८७ रोजी तो वारला.

कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’ बघा, मग जीनोमवर १९५३ चं वर्ष उघडा. आयटीव्हीचं नंतर.