नव्याण्णव टक्के

महाप्याच्या एमआयडीसीत आमची टेस्टिंग लॅब आहे. एका पार्टीकडून एसएलएसची पावडर आली होती. एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, शॅम्पूच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत असतं ते. सर्टिफिकेटवर शुद्धता ९९ टक्के. पार्टीला पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाला किती ताण आहे त्याचा, आलेख हवा होता, आणि नेहमीप्रमाणे ‘अर्जंट’.

काम तसं सरधोपट. प्लॅटिनमची रिंग बर्नरवर लाल होईपर्यंत तापवायची आणि आधी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर लावून बघायची; ती पृष्ठभागातून ओढून काढायला लागणारा जोर हेच ताणाचं माप. २५ अंशांना ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर आलं, म्हणजे रिंग आणि भांडं दोन्ही स्वच्छ. मग एसएलएसचं प्रमाण वाढवत न्यायचं. या रेणूच्या डोक्याला पाणी हवं असतं, शेपटाला नको असतं. म्हणून तो पृष्ठभागावर येऊन बसतो आणि ताण उतरतो. लिटरला साधारण २.३ ग्रॅमच्या पुढे जास्तीचे रेणू पाण्यातच शेपट्या आत घेऊन गोळे करतात, त्यांना मायसेल म्हणतात. तिथून आलेख ३८-३९ वर सपाट चालतो.

आमचा पार तिशीपर्यंत घसरला आणि तिथून पुन्हा वर चढला.

“ताई, मशीन गंडलंय,” ट्रेनी म्हणाला. त्याला आणखी एक गोष्ट खटकत होती: खड्ड्याच्या अलीकडच्या नमुन्यांत रीडिंग ठरतच नव्हतं, बघावं तेव्हा थोडं खाली गेलेलं. रिंग पुन्हा तापवून पाण्यावर लावली. ७२. मशीन ठणठणीत होतं.

प्रमाण वाढवल्यावर ताणही वाढत असेल, तर गिब्जच्या समीकरणाप्रमाणे (पृष्ठभागावर किती रेणू जमलेत ते ताणावरून सांगणारं समीकरण) एसएलएस पृष्ठभाग सोडून पळतोय असा अर्थ निघतो. एसएलएस असं करत नाही. म्हणजे तिथे दुसरंच कुणीतरी येऊन बसलं होतं.

हे कोडं जुनंच. माइल्स आणि शेडलॉव्स्की या संशोधकांनी १९४४ मध्येच अशा खड्ड्याचं मूळ अशुद्धीत दाखवलं होतं. इथली अशुद्धी म्हणजे लॉरिल अल्कोहोल. एसएलएस त्यापासूनच बनतं, त्यातलं थोडं उरतं; शिवाय ओल लागून पावडर बिघडली की तेच परत सुटतं. एसएलएसच्या डोक्यांवर ऋणभार असतो, त्यामुळे ती एकमेकांपासून अंतर राखून बसतात. अल्कोहोलला भार नाही, ते मधल्या फटीत लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं घुसतं. दाटी वाढते, ताण आणखी पडतो. मात्र ते असतं चिमूटभर, त्यामुळे वर पोचायला वेळ घेतं. रीडिंग रेंगाळत होतं ते म्हणून. पुढे मायसेल तयार झाले की त्यांचा तेलकट गाभा हे अल्कोहोल गिळून टाकतो आणि ताण पुन्हा वर येतो.

सर्टिफिकेट खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. शुद्धता मोजतात टायट्रेशनने, म्हणजे दुसरं रसायन थेंबथेंब घालून, आणि त्यात ऋणभार असलेले रेणूच मोजले जातात. उरलेल्या टक्क्यात काय आहे, हे त्याला दिसत नाही.

खात्रीसाठी लिटरला २ ग्रॅमचं द्रावण घेतलं. मायसेल झाले की अल्कोहोल त्यांच्यात लपून बसतं, म्हणून मुद्दाम त्याखालचं प्रमाण. उंच सिलिंडरमध्ये ते भरून तळातून बारीक बुडबुड्यांनी नायट्रोजन सोडला. फेस चढला की पिपेटने ओढून फेकायचा, पुन्हा चढू द्यायचा. अल्कोहोलला पृष्ठभागाचीच ओढ, त्यामुळे ते फेसाबरोबर निघून जातं. सुरुवातीचा फेस घट्ट होता, काचेला चिकटून राहायचा. नंतरचा लवकर बसायला लागला. कंटाळवाणं काम, पण ट्रेनी हलायला तयार नव्हता. शेवटी त्याच द्रावणाचा ताण बत्तिशीतून चाळिशीवर आला आणि तिथेच थांबला.

रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे दिले. पार्टीचा फोन आलाच. “मॅडम, म्हणजे माल रिजेक्ट करायचा का?”

मी म्हटलं, संशोधनासाठी घेतला असेल तर परत करा. पण या अल्कोहोलमुळे फेस जास्त टिकतो, काही जण ते मुद्दाम घालतात.

“मग आमच्या शॅम्पूवाल्यांना चालेल?”

“चालेल काय, धावेल. फक्त पिशवी ओलीत ठेवू नका.”