ॲन एलियटची आठ वर्षं

रविवार, रात्री उशिरा

जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' ही कादंबरी आज पुन्हा वाचून संपवली. कॉलेजात असताना वाचली तेव्हा नायक वेंटवर्थ शेवटी ॲनला लिहितो त्या पत्रावरच जीव जडला होता. या वेळी मन ॲनला आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलपाशी घुटमळत राहिलं.

१८०६ च्या उन्हाळ्यात एकोणीस वर्षांची ॲन आणि फ्रेडरिक वेंटवर्थ प्रेमात पडतात, लग्न ठरवतात. तो आरमारात; हुशार, उमदा, पण गाठीशी पैसा नाही आणि पाठीशी घराणं नाही. तिचे वडील सर वॉल्टर बॅरोनेट. किताब पिढीजात खरा, पण त्यावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागासुद्धा मिळत नाही. तरी सर वॉल्टर बॅरोनेटांच्या वंशावळीचं पुस्तक काढून आपल्याच घराण्याचं पान वाचत बसतात. आरमार त्यांना खपत नाही, कारण तिथे सामान्य घरातला माणूस कर्तबगारीवर वर चढतो. शिवाय समुद्रावर चेहरा रापतो!

अशा बापाचा विरोध ॲनने सोसला असता. लेडी रसेलचा तिला सोसवत नाही. आई लवकर गेलेल्या या मुलीवर तिनेच माया केलेली. ती धाकदपटशा करत नाही, काळजीने सांगते: हा तरुण उद्या कुठे असेल, काय कमवेल, कोणाचा आधार आहे त्याला? आणि ॲनला पटतं की लग्न मोडण्यात त्याचंही भलं आहे. प्रतिष्ठेचा विचार ज्यांनी जीव लावला त्यांच्याच तोंडून आला, तर तो झिडकारायचा कसा? मला वाटतं, या कादंबरीतलं सगळ्यात खरं दुःख इथे आहे.

बरं, लेडी रसेल एकटीच असं म्हणते असंही नाही. कर्ज झालं म्हणून सर वॉल्टरना आपलं पिढीजात घर, केलिंच हॉल, भाड्याने द्यावं लागतं, तिथे ॲडमिरल क्रॉफ्ट राहायला येतात. त्यांची बायको वेंटवर्थची सख्खी बहीण. ही बाई मला फार आवडते. पंधरा वर्षांच्या संसारात चार वेळा अटलांटिक ओलांडलेला, नवऱ्याबरोबर जहाजावर राहण्यातच तिचं सुख. दोघं गाडीतून जाताना वाटेत खांब आडवा येतो, ती शांतपणे लगाम जरासा वळवते आणि गाडी सुखरूप पुढे जाते. ऑस्टिनने रंगवलेलं इतकं सुखी, इतकं बरोबरीचं जोडपं मला दुसरं आठवत नाही. पण हीच मिसेस क्रॉफ्ट शेवटाकडे म्हणते की लग्न कधी करता येईल याचा भरवसा नसताना वचनात अडकणं शहाणपणाचं नाही. ॲन ते ऐकते. वेंटवर्थही ऐकतो, पत्र लिहिता लिहिता त्याचा हात थांबतो.

आठ वर्षांनी तो परततो तेव्हा त्याच्याकडे पंचवीस हजार पौंड असतात. मधल्या वर्षांत नेपोलियनशी लढाई चाललेली. शत्रूचं जहाज पकडलं की त्याची किंमत वाटली जाई, त्यात कप्तानाचा वाटा मोठा, खलाशांच्या हाती थोडंच. ऑस्टिनला हे घरातून माहीत होतं. तिचे दोन भाऊ आरमारात होते. धाकट्या चार्ल्सने १८०१ मध्ये असाच वाटा मिळाल्यावर जेन आणि कसांड्रा या बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले होते. वेंटवर्थ माणूस म्हणून तोच राहिला, पण आता सर वॉल्टर ते लग्न वंशावळीच्या पुस्तकात खुशीने लिहून घेतात. मला याचा राग येतो. लढाई झाली नसती, जहाजं हाती लागली नसती, तर त्या दोघांचं काय झालं असतं?

ॲन मात्र शेवटी म्हणते की मी ऐकलं ते योग्यच केलं, लेडी रसेल मला आईच्या जागी होती. आणि लगेच म्हणते, तशाच परिस्थितीत मी स्वतः कोणाला असा सल्ला कधीच देणार नाही. ही दोन्ही वाक्यं मला पटतात.

त्यावर वेंटवर्थ तिला विचारतो: १८०८ मध्ये मी थोडे पैसे घेऊन आलो होतो, 'लकोनिया' जहाज मिळालं होतं, तेव्हा तुला पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस? ती म्हणाली असती, क्षणाचाही विचार न करता. त्याच्याही मनात आलं होतं, पण नकाराचा डंख इतका खोल की अभिमानाने त्याला पुन्हा विचारू दिलं नाही. तो स्वतःच कबूल करतो, सहा वर्षांचा विरह टळला असता. लेडी रसेलला मी आज क्षमा केली. १८०८ मध्ये त्याने न लिहिलेल्या पत्राचं काय करावं, ते अजून कळत नाही.