खान्देशातून स्वराज द्वीपला: ॲडव्हान्स्ड स्कुबा अभ्यासक्रम करावा का?

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आणि वर्षातून जेमतेम आठवडाभर पाण्याखाली जाऊ शकणाऱ्या माणसाने ओपन वॉटर या स्कुबा डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्रानंतर ॲडव्हान्स्ड या पुढच्या अभ्यासक्रमावर आणखी पैसे खर्च करावेत का, हा प्रश्न जळगावच्या आमच्या पोहणाऱ्या मंडळींत बराच काळ चर्चेत होता. या फेब्रुवारीत आम्ही काही जण अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावर, हा अभ्यासक्रम पूर्ण करून आलो. माझे मत आधीच सांगतो: तो करावा, परंतु अधिक खोल जाण्याची मुभा मिळते म्हणून नव्हे, आणि ओपन वॉटर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच नव्हे.

जाण्यासाठी मुंबईचा वळसा घ्यावा लागत नाही. अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव आणि भुसावळ या मार्गानेच जाते. चेन्नईहून विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, आणि पुढे प्रवासी बोट. गाडी लांबण्याचा धोका लक्षात घेऊन चेन्नईत एक मुक्काम ठेवावा. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊ नये. दमा, हृदयविकार किंवा कानाची जुनी तक्रार असल्यास अभ्यासक्रमाआधी भरायच्या वैद्यकीय अर्जावर डॉक्टरांची सही लागते. ती आपली प्रकृती ओळखणाऱ्या गावातल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी.

निघताना आमच्या एका सोबत्याच्या आईंनी त्याला विचारले होते, “आखो कितलं खोल जाशी?” म्हणजे आणखी किती खोल जाशील? नियमाच्या भाषेत उत्तर सोपे आहे. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर प्रमाणपत्रावर १८ मीटर, ॲडव्हान्स्डवर ३० मीटर, आणि डीप हा स्वतंत्र अभ्यासक्रम केल्यास मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगची शेवटची मर्यादा असलेले ४० मीटर. मात्र त्या अधिकच्या बारा मीटरांची किंमत काय, हे पैसे भरण्याआधी समजून घ्यावे. १८ मीटरवर पृष्ठभागाच्या २.८ पट दाब असतो, तर ३० मीटरवर चौपट. त्यामुळे १८ मीटरवर ४० मिनिटे पुरणारी हवा त्याच श्वासाने ३० मीटरवर २८ मिनिटांतच संपते. शिवाय शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनमुळे, पॅडीच्या तक्त्याप्रमाणे, १८ मीटरवर ५६ मिनिटे राहता येते आणि ३० मीटरवर केवळ २०. लाल रंग तर उथळ पाण्यातच फिका पडू लागतो, आणि उजेडावर वाढणारी बहुतांश रंगीत प्रवाळे व त्यांवरची लहान मासळी वरच्या थरांतच भरपूर दिसते. जॉनीज गॉर्जसारख्या ठिकाणी, जेथे खडकांची रांग ३० मीटरच्या आसपास पोहोचते आणि प्रवाहही असतो, हे प्रमाणपत्र खरोखर उपयोगी पडते. निमो रीफसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी त्याची गरज नाही.

अभ्यासक्रमात पाच डाइव्ह, म्हणजे पाण्याखालच्या बुड्या असतात आणि त्यांपैकी डीप (खोल पाण्यातली) व नेव्हिगेशन (दिशा शोधण्याची) या दोन सक्तीच्या आहेत. लेखी परीक्षा नसते. डीप डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर पाटीवर सोपी आकडेमोड देतात आणि तीच आधी पृष्ठभागावर सोडवून घेतात. आमच्यातील एकाला खाली तीच बेरीज करायला दुपटीहून अधिक वेळ लागला, आणि आपल्याला उशीर होत आहे याची त्याला जाणीवही नव्हती. खोलवर नायट्रोजनमुळे येणारी ही गुंगी पुस्तकात वाचणे वेगळे आणि अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर असताना स्वतः पाहणे वेगळे.

तरीही मला सर्वाधिक मोलाचा वाटला तो नेव्हिगेशनचा भाग. होकायंत्र धरून, पायांच्या फटकाऱ्यांची मोजणी करत चौकोन पूर्ण करायचा आणि निघालेल्या जागी परत यायचे. रावेरकडे केळीची बाग असलेले आमचे एक स्नेही हे काम सर्वांत अचूक करत होते, कारण पावलांनी वाफे मोजण्याची त्यांना सवय आहे. ओपन वॉटरनंतर बहुतेक जण केवळ मार्गदर्शकामागे पोहत राहतात. आपण कोठे आहोत, बोट कोणत्या दिशेला आहे आणि परतण्यापुरती हवा उरली आहे का, हा विचार स्वतः करण्याची सुरुवात येथे होते. उरलेल्या तीन डाइव्हपैकी एक शरीराचा तोल, म्हणजे बॉयन्सी सुधारण्यासाठी अवश्य निवडावी. ज्याला तोल साधतो त्याची हवाही जास्त पुरते आणि त्याच्या पायाने प्रवाळ मोडत नाही. वर्षभर सरावाला समुद्र नसलेल्या आपल्यासारख्यांना याची गरज अधिक आहे.

म्हणूनच ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड यांच्या मध्ये काही साध्या डाइव्ह होऊ द्याव्यात, असा माझा आग्रह आहे. तोल सावरण्यातच सगळे लक्ष जात असेल, तर होकायंत्राकडे पाहायला मन मोकळे राहत नाही. ओपन वॉटर मालवणजवळ तारकर्लीला करून पुढच्या हंगामात अंदमानला जाणे, हा खान्देशातून सोयीचा क्रम आहे. नाव सारखे असले तरी नियम सर्व संस्थांचे एकसारखे नाहीत, हेही पाहावे: एसएसआय या दुसऱ्या संस्थेत ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरसाठी चार विशेष अभ्यासक्रम आणि २४ डाइव्हची नोंद लागते. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, पण हात विसरतात. खंड पडला असल्यास पहिला दिवस उथळ पाण्यातील उजळणीसाठी राखावा.

पुढचे काय करावे? नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा वापरण्याचा अभ्यासक्रम उपयुक्त आहे, कारण ३२ टक्के ऑक्सिजन असलेल्या मिश्रणावर ३० मीटरची मुदत २० वरून साधारण ३० मिनिटांपर्यंत जाते. मात्र ज्याची हवाच लवकर संपते त्याला तिचा लाभ मिळत नाही, आणि या मिश्रणावर ३३ मीटरच्या खाली जाता येत नाही. माझ्या दृष्टीने खरी पुढची पायरी रेस्क्यू डायव्हर ही आहे. घाबरलेल्या जोडीदाराला शांत करणे आणि बेशुद्ध माणसाला वर आणणे त्यात शिकवतात, आणि त्यासाठी २४ महिन्यांच्या आतले प्रथमोपचार व सीपीआरचे प्रशिक्षण लागते. विहिरीत आणि धरणात दर उन्हाळ्यात पोरे पोहायला उतरतात त्या आपल्या भागात हे शिक्षण समुद्राबाहेरही कामी येईल. केवळ कार्डांची संख्या वाढवणारे विशेष अभ्यासक्रम मात्र टाळावेत.

परतीचे तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास ठेवावेत. आम्ही पूर्ण एक दिवस मोकळा ठेवला. लॉगबुकवर, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीवर, इन्स्ट्रक्टरची सही आणि शिक्का बेट सोडण्याआधीच घ्यावा, कारण पुढच्या ठिकाणी प्रमाणपत्रासोबत शेवटची डाइव्ह कधी झाली हेही विचारतात.