पोर्ट्रेटसाठी पन्नासची प्राइम: १.८, १.४ की १.२?

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५० मिलिमीटरला नेली की ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६ च्या आसपास अडकतं. तिथे एफ/१.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) लावली तर तीन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा जास्त, म्हणजे जवळपास दहापट प्रकाश आत येतो. खिडकीपाशी जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागत होता, तिथे ६४० वर भागतं. आता १.८ वरून १.४ वर गेलात तर पदरात पडतो जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉप, आणि १.२ वर एक स्टॉप नि वर किंचित. पहिली उडी स्वस्तात मिळते. दुसरीचे पैसे मात्र भरमसाट: कॅननच्या आरएफ (मिररलेस कॅमेऱ्यांच्या) ५० मध्ये एफ/१.२ एल ही एफ/१.८ च्या दहापटीहून महाग आहे आणि वजन १६० ग्रॅमवरून ९५० वर जातं.

त्यामुळे पोर्ट्रेटसाठी पन्नासची लेन्स निवडताना ॲपर्चरचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बघायचं ते अंतर, मग तुमच्या बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, ती लेन्स डोळ्यावर फोकस किती भरवशाने धरते ते.

अंतराचा हिशेब सोपा आहे. उभ्या फ्रेममध्ये डोकं-खांदे, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटर उंची भरायची असेल, तर फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर) ५० ची लेन्स घेऊन माणसापासून जेमतेम ९० सेंटीमीटरवर उभं राहावं लागतं. क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सर) हेच अंतर सव्वा मीटरच्या पुढे, १.३ मीटरपर्यंत जातं. नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसणं हा लेन्सचा दोष नसतो, तो जवळ गेल्याचा परिणाम असतो. ९० सेंटीमीटरवर तो थोडा जाणवतो, १.३ मीटरवर फारसा नाही. म्हणून निकॉन-सोनीच्या क्रॉप बॉडीवर (दीडपट, म्हणजे ७५ मिलिमीटरचं दृश्य) किंवा कॅननच्या (१.६ पट, म्हणजे ८०) पन्नासची लेन्स चेहऱ्यासाठी छान बसते. फुल फ्रेमवर ती कमरेपासून वरच्या फोटोंची, माणूस आणि त्याची जागा दोन्ही दाखवणाऱ्या फोटोंची लेन्स आहे. निव्वळ चेहरे काढायचे असतील तर फुल फ्रेमवाल्यांनी ८५ कडे बघावं.

खोलीचाही विचार करा. उभा माणूस पायापर्यंत घ्यायला क्रॉप बॉडीवर पन्नासला सव्वाचार मीटरहून थोडं जास्त अंतर लागतं. दहा बाय बाराच्या खोलीची लांब बाजूच ३.६६ मीटर! फुल फ्रेमवर २.८ मीटरमध्ये जमतं, तेही पाठ भिंतीला लावून. घरातच काम असेल आणि बॉडी क्रॉप असेल तर ३५ मिलिमीटर जास्त उपयोगी पडेल. विकत घेण्याआधी किट लेन्स चिकटपट्टी लावून ५० वर रोखून धरा आणि आठवडाभर तशीच वापरा. भिंतीला पाठ किती वेळा लागते ते कळेल.

आता ब्लर. दूरवरचा दिवा फोटोत जी गोल चकती बनून दिसतो, तिचा आकार चेहऱ्याच्या मानाने किती, हे एका भागाकारातून कळतं: फोकल लेंथ भागिले एफ नंबर. ५० ला एफ/१.८ ने भागलं की सुमारे २८ मिलिमीटर. म्हणजे चेहऱ्याशेजारी फूटपट्टी धरली तर ती चकती पावणेतीन सेंटीमीटरची दिसेल. एफ/१.४ ला ३६, एफ/१.२ ला ४२. आणि ८५ एफ/१.८ ला? ४७. पार्श्वभूमी वितळवून टाकणं एवढाच हेतू असेल तर साधी ८५ एफ/१.८ ही पन्नास एफ/१.२ ला मात देते, आणि पैसेही कितीतरी कमी लागतात.

हे झालं पार्श्वभूमी खूप दूर असताना. ती जवळ असली की चकती लहान होते, आणि इथेच बरेच जण फसतात. फुल फ्रेमवर माणूस ९० सेंटीमीटरवर, त्याच्या मागे भिंत अर्ध्या मीटरवर: एफ/१.८ ला चकती उरते १० मिलिमीटर, एफ/१.२ ला १५. आता तोच माणूस भिंतीपासून तीन मीटर पुढे आणा. एफ/१.८ लाच २१ मिलिमीटर मिळतात. माणसाला चार पावलं पुढे बोलावणं फुकट आहे.

एफ/१.८ लासुद्धा सगळा वेळ पूर्ण उघडं ठेवून काम करणं कठीणच. फुल फ्रेमवर ९० सेंटीमीटरवर एफ/१.८ ला धारदार भाग पुढून मागे मिळून ३.३ सेंटीमीटरच्या आसपास भरतो, १.४ ला अडीच, १.२ ला सव्वादोनही नाही. मान थोडी वळलेली असेल तर जवळच्या डोळ्यावर फोकस असताना लांबचा डोळा मऊ पडतो. एफ/२.८ ला हा पट्टा पाच सेंटीमीटर होतो, एफ/४ ला सात. एका चेहऱ्यासाठी एफ/२.२ ते २.८, आणि दोघं शेजारी असतील, डोकी एका रेषेत नसतील, तर सरळ एफ/४, असं मी सुचवेन. एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ वर वापरायची तर मग घ्यायची कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की बहुतेक लेन्स पूर्ण उघड्या असताना थोड्या मऊ असतात आणि एक-दीड स्टॉप बंद केल्यावर खुलतात. किट झूमला तर त्या जागेपर्यंत पोचताच येत नाही.

फोकस चुकण्याची कारणं डीएसएलआरवर (आत आरसा असलेले कॅमेरे) आणि मिररलेसवर (बिनआरशाचे) वेगवेगळी आहेत. निकॉन डी३५०० ला ११ फोकस पॉइंट, कॅनन १५००डी ला ९. दोन्हींमध्ये क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा) पॉइंट फक्त मधला. कडेचे पॉइंट कमी उजेडात चाचपडतात, म्हणून लोक मधल्या पॉइंटने डोळा धरतात आणि मग कॅमेरा फिरवून फ्रेम जुळवतात. कॅमेरा फिरला की फोकसचं प्रतलही फिरतं. ९० सेंटीमीटरवर १२ ते १५ अंश फिरवलं तर चूक दोन ते तीन सेंटीमीटरची होते आणि फोकस डोळ्याच्या मागे पडतो. पापणी मऊ, कानातली कुडी टोकदार: हा फोटो ओळखीचा वाटत असेल तर लेन्सला शिव्या देऊ नका. एक पाऊल मागे जा, डोळा फ्रेमच्या मध्याजवळच ठेवा, फोटो काढा आणि नंतर क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी जागा असते.

न फिरवताही फोकस दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर ते फ्रंट फोकस किंवा बॅक फोकस, म्हणजे फोकस हव्या त्या जागेच्या पुढे किंवा मागे पडणं. तपासायला कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, दोन-अडीच मीटरवर सेन्सरला समांतर असा छापील कागद लावा आणि शेजारी ४५ अंशात फूटपट्टी. ॲपर्चर पूर्ण उघडं. दर वेळी फोकस आधी अनंतावर नेऊन पुन्हा धरायला लावा, असे सात-आठ फोटो व्ह्यूफाइंडरने घ्या, मग तेच लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) घ्या. लाइव्ह व्ह्यूचे अचूक आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे एकाच बाजूला सरकलेले, तर दुरुस्ती बॉडीच्या मेनूतून होते. निकॉनच्या डी७२००, डी७५० मध्ये आणि कॅननच्या ८०डी, ६डी मध्ये ती सोय आहे. डी३५००, डी५६००, १५००डी यांत नाही, तिथे लेन्स आणि बॉडी दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्यावी लागतात. फोटो कधी पुढे कधी मागे असे विखुरलेले असतील तर मेनूतला आकडा बदलून काहीच होणार नाही.

मिररलेसमध्ये सेन्सरवरच फोकस होत असल्याने हा घोळ जवळपास संपतो, शिवाय डोळा शोधणारा ऑटोफोकस असतो. जुन्या डीएसएलआरवर एफ/१.४ घेण्यापेक्षा तेच पैसे डोळा ओळखणाऱ्या साध्या मिररलेस बॉडीकडे वळवले तर नेमके फोटो जास्त मिळतील. पूर्ण उघड्या ॲपर्चरला घाबरून राहणारे लोक त्या बॉडीवर बिनधास्त एफ/१.८ वापरताना दिसतात.

माउंटनिहाय (लेन्स ज्या जोडावर बसते त्यानुसार) थोडं. निकॉनची जुनी ५० एफ/१.८ डी स्वस्तात मिळते, पण तिच्यात मोटर नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींवर ऑटोफोकस चालत नाही, आणि एफटीझेड ॲडॉप्टर लावून झेड बॉडीवरही (निकॉनच्या मिररलेस) चालत नाही. एफ माउंटला (निकॉनचे डीएसएलआर) २०११ ची एएफ-एस एफ/१.८ जी घ्यावी. झेड माउंटची ५० एफ/१.८ एस ४१५ ग्रॅमची, महाग, पण पूर्ण उघडी असतानाही कडेपर्यंत स्वच्छ, ‘१.८ म्हणजे स्वस्तातली’ या समजाला ती चोख अपवाद आहे. कॅनन ईएफमध्ये (कॅननचे डीएसएलआर) ५० एफ/१.८ ची १९९० ची दुसरी आवृत्ती टाळा: पाच पात्यांचं ॲपर्चर, त्यामुळे थोडं बंद करताच मागचे दिवे पंचकोनी. २०१५ च्या एसटीएमला सात पाती, धातूचा माउंट आणि ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळचा फोकस आहे. ईएफ ५० एफ/१.४ यूएसएम १९९३ ची. तिची आतली नळी फोकस करताना पुढे येते आणि तशीच बॅगेत टाकून पुढून दाब बसला की ऑटोफोकस अडकतो. वापरणार असाल तर काम झाल्यावर फोकस अनंतावर आणून ठेवा आणि हूड काढू नका. सोनीची एफई ५० एफ/१.८ हलकी, पण मोटर हळू आणि आवाज करणारी. शांत बसलेल्या माणसाला पुरते, पळणाऱ्या पोराला नाही. फुजीवाल्यांनी पन्नासच्या नादी न लागता एक्सएफ ३५ ची एफ/२ आणि एफ/१.४ समोरासमोर लावून बघाव्यात. एफ/१.४ चं चित्र मोहक, एफ/२ चा फोकस चपळ.

उन्हाचा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. भर दुपारी आयएसओ १०० ला एफ/१.८ उघडं ठेवायचं तर शटर १/८००० च्या आसपास लागतं. सुरुवातीच्या पातळीच्या बॉडींची धाव १/४००० पर्यंत, म्हणजे फोटो एक स्टॉप जळणार. सोबत फ्लॅश वापरायचा तर शटर १/२०० वर अडकतं आणि गणित पाच स्टॉपनी बिघडतं. सावलीत जा, नाहीतर एनडी८ फिल्टर (प्रकाश तीन स्टॉप कमी करणारी गडद काच) जवळ ठेवा. फ्लॅशसाठी त्यावर हायस्पीड सिंकही (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) लागेल. फिल्टर घेताना लेन्सचा व्यास बघा: ईएफ एसटीएम आणि सोनीला ४९ मिलिमीटर, आरएफ एफ/१.८ ला ४३, निकॉन जी ला ५८. याउलट मंगल कार्यालयात अडचण उजेडाच्या लुकलुकण्याची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडीखाली १/२५० वर फोटोत पट्टे येतात किंवा दर फोटोचा उजेड वेगळा पडतो. १/१०० वर या, लोकांना क्षणभर थांबायला सांगा.

पैठणीची जर, नथीचे मोती, मागून उजेड आलेले केस: यांच्या कडांवर फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवट किनार दिसते. मोठ्या ॲपर्चरच्या लेन्समधला हा रंगदोष सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण जात नाही, कारण जांभळी साडीही त्याबरोबर फिकी पडते. एफ/२.८ केलं की बहुतेक जातो. लग्नाचे दागिने हेच काम असेल तर चाचणी फोटो पांढऱ्या भिंतीचे काढू नका, चकाकत्या भांड्याचे काढा.

जुनी लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढून ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, आणि कोकण-गोव्याकडून आलेल्या लेन्समध्ये ती हमखास तपासा. धूळ चालते, बुरशी नाही: ती काचेवरचं कोटिंग खाते. पात्यांवर तेलाची चमक असेल तर ॲपर्चर वेळेत बंद होणार नाही. एफ/८ ला सलग दहा फोटो घेऊन उजेड सारखा येतो का ते बघा. मॅन्युअल फोकस रिंग पूर्ण फिरवून कुठे खरखर होते का ते ऐका. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असेल तर भाव पाडा आणि खुशाल घ्या, फोटोत तो दिसत नाही. मागच्या काचेवर ओरखडा असेल तर परत द्या. घरी आणल्यावर पावसाळ्यात कापडी बॅगेत ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान.